नववीच्या वर्गाची मागची भिंत

निवृत्त गणित शिक्षिका लग्नात भेटली की माणसं नमस्काराच्या आधी कबुली देतात. गेल्या महिन्यात रनाळ्याला भाचीच्या लग्नात पंगतीत बसेपर्यंत मला तीन कबुल्या मिळाल्या. "मॅडम, मी गणितमा भलता कच्चा व्हतू." तिसरी कबुली देणाऱ्याची तापीकाठी केळीची बाग आहे. उभ्या झाडावरचा घड नुसता बघून तो वजन सांगतो आणि काट्यावर किलोभराचाही फरक पडत नाही. मी त्याला म्हटलं, "तू कच्चा नव्हतास रे. मीच तुला बोलू दिलं नव्हतं." त्याला वाटलं मॅडम थट्टा करतात. मी हसले, कारण पंगतीत वाद घालायचा नसतो, पण मी थट्टा करत नव्हते.

नंदुरबार तालुक्यातल्या एका गावाच्या माध्यमिक शाळेत मी तेहतीस वर्षं गणित शिकवलं. बाहेरच्यांना वाटतं, गणिताची शिक्षिका म्हणजे फळ्यावर उदाहरणं सोडवून दाखवणारी बाई. ते काम सोपं आहे. खडूची पेटी आणि घसा शाबूत असला की झालं. अवघड काम वेगळंच आहे. समोरच्या पन्नास मुलांनी फळ्यावरच्या उत्तराकडे संशयाने बघायला हवं, आणि ते उत्तर तर तुम्हीच लिहिलेलं असतं.

हे मला पहिल्या काही वर्षांत कळलंच नाही. मी शिकवून झालं की विचारायची, "समजलं का?" वर्ग एका सुरात म्हणायचा, "हो, मॅडम." मी खूश. एकदा आठवीला वयाचं समीकरण सोडवताना माझं एक चिन्ह चुकलं आणि वडिलांचं वय निघालं तीनशे बारा वर्षं. मी ते लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि विचारलं, "समजलं का?" "हो, मॅडम." सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. दोन रेघासुद्धा पट्टीने ओढल्या. तास संपता संपता माझंच लक्ष गेलं. म्हटलं, अरे, तीनशे बारा वर्षांचा माणूस पाहिलाय का कुणी? मागच्या बाकावरचा एक जण शांतपणे म्हणाला, "जुना मानसे टिकतस, मॅडम."

त्या दिवशी घरी जाताना मी एकटीच हसत होते, पण ते हसू घरापर्यंत टिकलं नाही. ही मुलं बाजारात वांग्याचा भाव पटला नाही तर पुढच्या दुकानात जातात. त्यांच्या डोक्यात काही कमी नव्हतं. वर्गात शिरताना ती डोकं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत होती, आणि ते त्यांना आम्हीच शिकवलं होतं.

पुढे याला एक भारदस्त नाव मिळालं, चिकित्सक विचार. त्याचं आम्हाला प्रशिक्षणही झालं. दिवसभर पडद्यावर अक्षरं सरकत होती, की विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला उद्युक्त करावे. आम्ही सत्तर शिक्षक बसलो होतो. दिवसभरात कुणी एक प्रश्न विचारला नाही आणि जाताना अभिप्रायाच्या कागदावर सगळ्यांनी 'उत्तम' लिहिलं. मीही लिहिलं.

माझा नियम त्याच्या आधीपासूनचा होता, आणि तो घरगुती होता. वर्गात कुणालाही, कधीही उभं राहून "पटलं नाही" म्हणायची मुभा. मात्र कारण द्यायचं. कारण दिलं की सगळ्यांनी थांबायचं, मीसुद्धा. आणि ज्याची चूक निघेल त्याने फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचं, 'मी चुकलो, कारण अमुक', आणि खाली नाव. संध्याकाळपर्यंत ते पुसायचं नाही. सुरुवातीला त्या कोपऱ्याची लाज वाटायची. हळूहळू मुलं तिथे सही करायला धडपडू लागली, कारण तिथे नाव यायचं म्हणजे तुम्ही काहीतरी बोललेले असायचात.

याचा त्रासही झाला. एक पालक सायकल लावून थेट वर्गाच्या दारात आले. "मॅडम, पोऱ्याले काय शिकाडं तुमी? मी काही बोलनू का तो म्हनस, पटनं नही, कारन सांगा." मी विचारलं, मग तुम्ही कारण सांगितलं का? ते म्हणाले, "सांगं. मंग मन्हंच मले पटनं नही." आणि सायकल काढून गेले. हा माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा पुरस्कार असं मी अजून मानते.

आता एक गोष्ट खरी सांगायला हवी. त्या कोपऱ्यात इतकी नावं आली, माझं कधी आलं नाही. माझी चूक कुणी पकडली की मी म्हणायची, "बघत होते, लक्ष आहे का तुमचं." शिक्षकांची ही पळवाट सगळ्या शाळांमध्ये आहे. मुलं हसायची, मी दुरुस्त करायची, कोपरा मोकळा राहायचा. हे असंच निवृत्तीपर्यंत चाललं असतं. जमना वसावे आली म्हणून चाललं नाही.

जमना सातपुड्यातल्या काठी गावाजवळच्या एका पाड्यावरची. आमच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात राहून ती शिकत होती. घरी भिली बोलायची, गावात आल्यावर कानावर अहिराणी पडायची आणि मराठी भेटायची ती फक्त पुस्तकात. त्यामुळे ती एकेक शब्द पारखून बोलायची आणि बहुतेक वेळा बोलायचीच नाही. नववीच्या अख्ख्या वर्षात तिने एकदाही "पटलं नाही" म्हटलं नव्हतं. वही मात्र बघण्यासारखी होती. माझ्या फळ्यावरच्या चुका त्या वहीत आपोआप दुरुस्त झालेल्या असायच्या.

त्या वर्षी होळीच्या आधी शाळेची नवी खोली बांधायला घेतली, नववीसाठी. बांधणारे उखानाना मिस्तरी. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. नानांनी जमिनीवर खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या आणि पांढऱ्या फक्कीने पायाची आखणी केली. आमचा चौकोनाचा धडा नुकताच झाला होता. मला हुक्की आली. म्हटलं, वर्ग बाहेर काढू आणि मुलांनाच तपासू देऊ की आपली खोली आयत आहे का. मुख्याध्यापक आणि शाळा समितीचे अध्यक्षही बघायला येऊन उभे राहिले. नाना बाजूला तंबाखू मळत बसले होते.

मी ऐटीत सांगितलं, "चारही भिंती मोजत बसायची गरज नाही. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यात, अशा दोन तिरप्या दोऱ्या धरा. हे कर्ण. दोन्ही सारखे भरले की झाला आयत." मुलांनी दोऱ्या धरल्या. दोन्ही तंतोतंत सारख्या. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "वा, मॅडम." मी पदर सावरला.

तेवढ्यात मागच्या खुंटीजवळून आवाज आला. "पटलं नाही, मॅडम."

जमना उभी होती. हातात नानांची समोरच्या भिंतीची दोरी, दोन्ही टोकांना गाठ मारलेली. आम्ही कर्णांच्या मागे होतो तेव्हा तिने मैत्रिणीला घेऊन ती दोरी मागच्या बाजूला लावून पाहिली होती. ती म्हणाली, "मागे दोरी पुरत नाही. मागे..." आणि तिला शब्द सापडेना. तिने हाताची चार बोटं दाखवली. दोन मुलं हसली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, अध्यक्षांनी घड्याळाकडे. मी म्हटलं, "कर्ण सारखे आले ना? मग झालं. खाली बस."

मैदानात बसायला बाकही नव्हता. ती फक्कीच्या रेषेबाहेर मातीतच बसली.

त्याच दुपारी डोंगरातल्या मुली होळीसाठी घरी गेल्या. काठीची राजवाडी होळी म्हणजे त्यांची दिवाळीच. ऊसतोडीला गेलेली माणसंही त्या सणाला गावी परततात. वसतिगृह रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या आखणीजवळून जात होते. नियम माझाच होता आणि मला काही पटत नव्हतं. समोरची दोरी घेतली, एकटीनेच मागच्या खुंटीला अडकवली आणि दुसऱ्या टोकापर्यंत गेले. गाठ खुंटीपासून चार बोटं अलीकडे थांबली.

मी तिथेच उभी राहिले. आयताचे कर्ण सारखे असतात, हे खरं. पण कर्ण सारखे आले म्हणजे आयतच, हे खरं नाही. केळीचं पान हिरवं असतं, म्हणून हिरवं दिसेल ते केळीचं पान म्हणणारी बाई तुम्हाला वेडी वाटेल. मी तेच केलं होतं, आणि तेही टाळ्या घेऊन. पुढून अरुंद, मागून थोडा रुंद आणि दोन्ही बाजूंनी समान, अशा चौकोनाचेही कर्ण सारखेच भरतात. पुस्तकात त्याला समद्विभुज समलंब चौकोन म्हणतात. आदल्याच आठवड्यात मी तो शिकवला होता.

नाना विटांच्या ढिगावर चहा पीत होते. मला बघून मिशीत हसले. "गोमुखी शे ती, बाई." मग समजावून सांगितलं. घर पुढे सांकडं आणि मागे फुगेल असावं, गायीच्या तोंडासारखं. म्हणजे घरात आलेलं घरात टिकतं. नाना प्रत्येक घर असंच बांधत आले होते, दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं सोडून, मालकाला न सांगता. शाळेला कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, "इद्या टिकाले नको का?"

मी त्यांना जमनाचं सांगितलं. तिने काय पकडलं होतं, ते मला आत्ता कळलं म्हणून. नानांनी कप खाली ठेवला. "चाळीस वरीस झायात, मन्हं गोमुख आज लगून कोन्हीच धरं नही. इंजिनेर लोकेसनी बी नही. अन् काल मी बी चूप बसनू, बाई. बोलतू ते गोमुख उघडं पडतं." मग म्हणाले, "ती पोर कोनी शे? मले दखाडा."

मी वसतिगृहात चौकशी केली. तिथल्या मावशी म्हणाल्या, बाकीच्या मुली पिशवी घेऊन गेल्या, जमना पत्र्याची पेटी घेऊन गेली. आमच्याकडे शिकवलेल्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. होळीला पिशवी घेऊन गेलेली मुलगी परत येते, पेटी घेऊन गेलेली येत नाही. वार्षिक परीक्षा महिन्यावर आली होती. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. मुलं घरच्या अडचणींनी शाळा सोडतात असं आम्ही स्टाफरूममध्ये नेहमी म्हणायचो. ही माझ्या दोन शब्दांनी गेली होती.

होळी झाल्यावर दोन दिवसांनी मी आणि नाना निघालो. एसटीने अक्कलकुवा आणि तिथून जीप. नानांनी धुवट टोपी घातली होती आणि खिशात भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा ठेवला होता. मी विचारलं, तो कशाला? म्हणाले, "कामवर जाई ऱ्हायनू ना." जीपमध्ये आमच्या शेजारी होळीत नाचून आलेला एक माणूस कमरेच्या घुंगरांसकट गाढ झोपला होता. घाटातल्या प्रत्येक वळणाला तो वाजायचा. नाना दर वेळी त्याला सरळ करायचे आणि मान तिरकी करून बघायचे, ओळंब्यात आला का म्हणून. मी इतकी कधी हसले नव्हते, आणि ज्या कामाला निघाले होते त्याला ते शोभतही नव्हतं.

जमनाचे वडील दारातच भेटले. आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. अडखळत्या मराठीत म्हणाले, "मी म्हणतो, जा. ती म्हणते, नाही. कारण विचारलं तर सांगत नाही."

जमना दाराच्या आडून बघत होती. मी उठून तिच्याजवळ गेले. "मी मागची भिंत मोजली," म्हटलं. "चार बोटं जास्त आहे. तुझंच बरोबर होतं."

ती मग म्हणाली, "मला वाटलं, मला नीट मराठी बोलता आलं नाही म्हणून बसवलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं बोलायची सोय नव्हती, तिथे 'लक्ष आहे का बघत होते' म्हणता येत नव्हतं. मी म्हटलं, "नाही गं. साहेब लोक उभे होते, आणि मला हुशार दिसायचं होतं."

हे तिला पटलं असावं, कारण ती बाहेर आली. मग नानांचं आणि तिचं जे सुरू झालं त्यात मला जागाच नव्हती. तिने विचारलं, दोन्ही बाजूंना सारखीच बोटं कशी सुटतात? नानांनी खिशातून ओळंब्याची दोरी काढली, अंगणात आधी मधली रेघ धरली आणि तिच्या दोन्ही अंगांना सारखं माप टाकून दाखवलं. ती लगेच उठली, सागाचं एक पान आणलं, नखाने कापून पुढे अरुंद आणि मागे रुंद केलं, त्यावर काडीने दोन कर्ण ओढले आणि मधल्या शिरेवर दुमडलं. कोपरा कोपऱ्यावर बसला. एक कर्ण दुसऱ्यावर बसला. "म्हणून सारखे," ती म्हणाली.

मी तेहतीस वर्षांत इतकी स्वच्छ सिद्धता क्वचित पाहिली आहे. नाना ते पान हातात घेऊन उघडझाप करत राहिले. "मन्हं चाळीस वरीसनं काम हिनी एक पानवर दखाडं," असं ते जमनाच्या वडिलांना म्हणाले. "भाऊ, हाई पोर परत धाडा. मन्ही खोली मोजाले कोनीतरी जोयजे."

वडिलांनी जमनाकडे पाहिलं. जमनाने माझ्याकडे. तिने एकच गोष्ट विचारली. "कोपऱ्यात लिहाल?"

"लिहीन."

"नाव घालून?"

"नाव घालून."

ती आत गेली. पेटी भरायचा आवाज आला. जीपपर्यंत ती पेटी नानांनी खांद्यावर नेली, कुणाला हात लावू दिला नाही.

खोली गोमुखीच बांधली. सरळ करावी का, असा प्रश्न मुख्याध्यापकांनी काढला होता, पण नववीने कारणांसह सांगितलं की चार बोटांनी बाकांना काही होत नाही आणि आम्हाला ती हवी आहे. पुढे मी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी नवीन नववीच्या हातात दोरी द्यायची आणि विचारायची, ही खोली आयत आहे का. दरवर्षी वर्ग कर्ण मोजून टाळ्या वाजवायचा. दरवर्षी कुणीतरी एक जण मागच्या भिंतीकडे जायचा. त्या क्षणासाठी मी वर्षभर वाट बघायची. जमना आता नंदुरबारला कॉलेजात आहे. भेटली की कबुली देत नाही, प्रश्न विचारते, आणि निम्म्यांची उत्तरं मला येत नाहीत.

पण ज्या तासाचं सांगायचं आहे तो होळीनंतरचा पहिला तास. जुन्याच खोलीतला. मी हजेरी घेतली, खडू उचलला आणि उजव्या कोपऱ्यात गेले.  मी लिहिलं, 'मी चुकले, कारण मी मागची भिंत न मोजता आयत म्हटलं. आणि मी जमनाला खाली बसवलं.' त्याखाली पूर्ण नाव, मंगला पाटील. खडू ठेवला. मनात म्हटलं, झालं एकदाचं. थोडं धन्यही वाटलं, खोटं कशाला सांगू.

"पटलं नाही, मॅडम."

जमना उभी होती. आता काय उरलं, असं माझ्या तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं. नियमाप्रमाणे विचारलं, "कारण?"

ती एकेक शब्द पारखत बोलली. "तुम्ही दोन कारणं लिहिली. पहिली चूक मी तिथेच पकडली होती. ती तिथेच संपली असती. ती राहिली, ते मला बसवलं म्हणून. कारण एकच आहे."

कुणी हसलं नाही. मी फळ्याकडे बघत तिचं वाक्य डोक्यात दोनदा फिरवून पाहिलं, कुठे फट सापडते का म्हणून. सापडली नाही. मी डस्टर घेतलं आणि पहिलं कारण 'आणि'सकट पुसून टाकलं. कोपऱ्यात उरलं, 'मी चुकले, कारण मी जमनाला खाली बसवलं.'

जमनाने ते वाचलं आणि खाली बसली. या वेळी तिला कुणी सांगितलं नव्हतं.